रायफल आणि १७७५ चा इतिहास: ॲपलसीडचे दोन दिवस द्यावेत की दुसरा मार्ग धरावा?

एकाच शनिवार-रविवारी रायफल नीट चालवायला शिकावे आणि त्याच मैदानावर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला दिवस गोष्टीरूपाने ऐकावा, अशी सोय अमेरिकेत ‘प्रोजेक्ट ॲपलसीड’ या उपक्रमाने केली आहे. नॉर्थ कॅरोलायनातील रॅमसर या छोट्या गावी मूळ असलेली ‘रिव्होल्यूशनरी वॉर व्हेटरन्स असोसिएशन’ ही ना-नफा संस्था तो चालवते. त्या युद्धातला सैनिक आज हयात असणे शक्य नाही, तेव्हा हे नाव स्मरणार्थ घेतलेले आहे एवढेच समजावे. शिकवणारे सगळे स्वयंसेवक असतात आणि वर्षभर देशाच्या निरनिराळ्या राज्यांत, स्थानिक गन क्लबांच्या मैदानांवर, ही शिबिरे भरत असतात.

हे दोन दिवस द्यावेत की नाही, असा विचार करणाऱ्या माणसापुढे प्रत्यक्षात आणखी तीन मार्ग असतात. जवळच्या रेंजवर नॅशनल रायफल असोसिएशनच्या प्रमाणित प्रशिक्षकाचा प्राथमिक वर्ग हा पहिला. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही संस्था ओहायोतील कॅम्प पेरी येथे जी ‘स्मॉल आर्म्स फायरिंग स्कूल’ भरवते, ती दुसरा. आणि ज्याचा ओढा मुळात इतिहासाकडेच आहे त्याच्यासाठी तिसरा मार्ग म्हणजे, बंदुकीला हातही न लावता, मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन ते कॉन्कर्ड हा रस्ता पायी पाहून येणे. हा आढावा अमेरिकेत राहणाऱ्या, नेमबाजीची आवड असलेल्या किंवा घरातल्या मुलांना ती लागावी असे वाटणाऱ्या मराठी वाचकाला समोर ठेवून लिहिला आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: रायफल शिकण्यासाठी ॲपलसीड हा या सगळ्यांत सर्वांत कसदार मार्ग आहे, परंतु केवळ इतिहासासाठी तिकडे जाऊ नये, आणि बंदूक आयुष्यात कधीच हातात धरलेली नसेल तर थेट तिथूनही सुरुवात करू नये.

आधी व्हिसाचा कागद पाहावा

कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी एक प्रश्न सुटला पाहिजे, आणि आपल्या मंडळींत त्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, कुटुंबीयांचा एच-४ आणि आई-वडील ज्यावर भेटीला येतात तो बी-२, हे सगळे व्हिसे यात मोडतात. ‘बाळगणे’ याचा अर्थ मालकी असा नाही. रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राची रायफल काही मिनिटे हातात धरणे हेसुद्धा त्यात येऊ शकते. कायद्याने काही अपवाद ठेवले आहेत. त्यांतला नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही. मात्र २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षांच्या तुरुंगवासापर्यंत वाढलेली असल्याने, आणि अशा प्रकरणात देशातील वास्तव्यच धोक्यात येत असल्याने, आपण कोणत्या गटात मोडतो याविषयी थोडीही शंका असेल तर स्थलांतरविषयक वकिलाला विचारल्याशिवाय नावनोंदणी करू नये.

यातून एक चमत्कारिक परिस्थिती उद्भवते. मूल अमेरिकेत जन्मलेले, म्हणून नागरिक. वडील मात्र अजून एच-१बी वर. मुलाला पालकांच्या देखरेखीखाली शिबिरात नेमबाजी करता येईल, पण त्याची रायफल उचलून देणे किंवा मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलला जोडायच्या गोळ्यांच्या पेटीत, गोळ्या भरून देणे, ही मदत त्या वडिलांनी करता कामा नये. लहान वयाच्या सहभागींसोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी अशी अपेक्षा असते, तेव्हा ती कोण असणार हे आयोजकांशी आधीच बोलून घ्यावे. राज्यांचे नियम याशिवाय वेगळे. इलिनॉयमध्ये रहिवाशाला बंदूक वा गोळ्या बाळगण्यासाठी राज्याचे ओळखपत्र लागते, न्यू जर्सीत खरेदीसाठी लागते, आणि मॅसॅच्युसेट्सचे नियम या दोन्हींपेक्षा कडक आहेत. ज्यांचे या पायरीवरच अडते त्यांच्यासाठी वर सांगितलेल्यांपैकी पायी फिरण्याचा मार्ग तेवढा पूर्ण मोकळा आहे, आणि तो काही दुय्यम नाही.

ॲपलसीडमध्ये नेमके काय शिकवतात

शिबिर २५ मीटरच्या अंतरावर चालते. वापरतात ती प्रामुख्याने पॉइंट टू-टू बोअरची, सुटे मॅगझिन लागणारी, आपोआप पुढची गोळी चढवणारी हलकी रायफल. रुगर टेन-ट्वेंटी-टू हे मॉडेल तिथे इतके दिसते की त्याला शिबिराचा गणवेश म्हणावे. शनिवारी सकाळी सुरक्षेच्या नियमांनी सुरुवात होते आणि त्यांत कोणालाही सूट नसते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवणे, आज्ञा मिळाल्याशिवाय गोळी न भरणे, नेम लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापावर न नेणे, आणि आजूबाजूचे लोक हे नियम पाळत आहेत याकडे लक्ष ठेवणे, असे ते चार नियम आहेत. यातला चौथा नियम मला विशेष वाटतो, कारण तो शिकाऊ माणसालाही इतरांबद्दल जबाबदार धरतो. काही धोकादायक दिसले तर ‘सीझ फायर’ असे ओरडण्याचा अधिकार आणि कर्तव्य मैदानावरच्या प्रत्येकाचे असते, मग तो दहा वर्षांचा मुलगा का असेना.

त्यानंतर लाल अंगरख्याच्या ब्रिटिश सैनिकाच्या आकृत्या असलेल्या कागदावर प्रत्येकी तेरा गोळ्या झाडायला सांगतात. बंड करणाऱ्या वसाहती तेरा, म्हणून तेरा गोळ्या. आकृत्या उत्तरोत्तर लहान होत जातात, म्हणजे २५ मीटरवर टांगलेल्या त्या कागदावर १०० पासून ४०० यार्डांपर्यंतचे सैनिक उभे असल्याचा आभास तयार होतो. हा कागद जपून ठेवतात, आणि रविवारी पुन्हा तसाच कागद देऊन दोन दिवसांत काय फरक पडला हे ज्याचे त्याला दाखवतात. कुणी तोंडी कौतुक करण्यापेक्षा हा हिशेब अधिक प्रामाणिक आहे.

शिकवण्याचा गाभा दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे एक गोळी झाडण्याच्या सहा पायऱ्या: दोन्ही साइट, म्हणजे नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या खुणा, एका रेषेत आणणे, ती रेषा लक्ष्याशी जुळवणे, श्वास सोडल्यानंतरच्या नैसर्गिक विरामात थांबणे, दृष्टी पुढच्या साइटवर आणि मन ती लक्ष्यावर स्थिर ठेवण्यावर केंद्रित करणे, चाप हळूहळू दाबणे, आणि गोळी सुटल्यावर चाप तसाच मागे धरून ती कुठे लागली असेल हे स्वतःशी सांगणे. शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. पालथे झोपून टू-टू रायफलने ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांचा एकत्र पुंजका, काढण्याचा तो सराव पुष्कळांना आठवत असेल. मात्र तिथे वर्षातून मोजक्या गोळ्या वाट्याला येत, आणि इथे दोन दिवसांत चारशे-पाचशे झाडाव्या लागतात.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे, आणि एकट्याने रेंजवर जाऊन ती क्वचितच उमगते. शरीर पूर्ण सैल सोडल्यावर रायफल आपोआप जिकडे रोखलेली राहते ती तिची नैसर्गिक दिशा होय. नेम धरून डोळे मिटायचे, श्वास आत-बाहेर करायचा, आणि डोळे उघडून पाहायचे. साइट लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर हातांच्या जोराने ती ओढून आणायची नाही, तर जमिनीला टेकलेला कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय किंचित सरकवायचे. स्नायूंनी ओढून धरलेला नेम चाप दाबण्याच्या क्षणी सुटतो; हाडांवर आणि पट्ट्यावर टेकवलेला नेम सुटत नाही. याच कारणासाठी ॲपलसीडमध्ये रायफलचा पट्टा खांद्याला अडकवण्यासाठी नसून दंडाभोवती आवळून आधार घेण्यासाठी असतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी दंडावर त्याचे वळ उठतात आणि कोपर सोलपटतात, हेही सांगितले पाहिजे.

कागदावरची भोके पाहून चूक ओळखायलाही शिकवतात. पाचही गोळ्या एकत्र पण लक्ष्यापासून दूर लागल्या तर साइट जुळवायची आहे. उभ्या रेषेत पसरल्या तर श्वासाचा ताल चुकतो आहे. एखादीच बाजूला गेली तर बहुधा चापाला झटका बसला आहे. प्रशिक्षक मागे उभा राहून प्रत्येकाला हे सांगत बसत नाही, ज्याचे त्याने वाचायचे असते. या पद्धतीमुळे शिबिर संपल्यावरही माणूस एकट्याने सराव करू शकतो, आणि माझ्या मते इथली खरी कमाई हीच आहे.

रविवारचा बराचसा वेळ परीक्षेत जातो. चार टप्प्यांत चाळीस गोळ्या. पहिल्या दहा उभे राहून, दोन मिनिटांत. पुढच्या दहा उभ्याने सुरुवात करून, खाली बसून किंवा गुडघा टेकून, मधे मॅगझिन बदलून ५५ सेकंदांत. तिसऱ्या दहा तशाच उभ्यापासून पालथे पडून ६५ सेकंदांत. शेवटच्या दहा पालथे पडून सावकाश, पाच मिनिटांत, आणि त्यांचे गुण दुप्पट. एकूण २५० गुण, आणि २१० मिळवणाऱ्याला ‘रायफलमन’ म्हणून कापडी बिल्ला मिळतो. पहिल्याच शिबिरात तो मिळाला नाही तर त्यात कमीपणा नाही. बरेच जण तो मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडच्या लोकांना एक सवलत जन्मजात मिळालेली आहे, ती म्हणजे मांडी घालून बसणे. त्या टप्प्यावर भोवतालचे धिप्पाड अमेरिकन सहभागी कण्हत असताना, जमिनीवर पंगतीत बसून जेवलेला माणूस अगदी निवांत बसलेला आढळतो. पालथे पडणे आणि पुन्हा उठणे मात्र दिवसातून पन्नास वेळा करावे लागते, तेव्हा गुडघे किंवा कंबर दुखरी असेल तर नाव देण्याआधी हे घरच्या चटईवर करून पाहावे.

अचूकतेची कसोटी किती कडक आहे हे एका तुलनेतून कळेल. २५ मीटरवर एक इंचाच्या आत सगळ्या गोळ्या आणणे हे ॲपलसीडचे उद्दिष्ट. कोनाच्या भाषेत ते सुमारे चार मिनिटांचे (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) माप होते, आणि तेच माप पाचशे यार्डांवर सुमारे वीस इंचांचे होते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ ५० मीटरवर केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तिथेही रायफल टू-टू बोअरचीच आणि स्थितीही गुडघा टेकून, पालथे व उभे अशा तीनच. तरीही ती वेगळीच शिस्त आहे, जड कोट, खास बूट आणि वर्षानुवर्षांचा सराव मागणारी. ॲपलसीडला ऑलिंपिकपटू घडवायचा नाही. मर्यादित वेळात, साध्या रायफलने, पुरेसा अचूक नेम हा त्याचा आग्रह आहे. ज्याच्या मुलाला तेजस्विनी सावंत किंवा अंजली भागवत यांच्या वाटेने जायचे आहे त्याने जवळच्या क्लबाचा एअर रायफल गट शोधावा. ॲपलसीड त्यासाठी पाया म्हणून चालेल, शिडी म्हणून नाही.

एक मर्यादा संस्थेच्या बाजूने बोलणाऱ्यांकडून फारशी सांगितली जात नाही. लहान आकृत्यांमुळे २५ मीटरवर ४०० यार्डांची कठीणता कोनाच्या हिशेबाने येते, पण खऱ्या अंतरावर गोळी खाली किती पडते आणि वारा तिला किती ढकलतो हे त्या कागदावर कळत नाही. त्यासाठी संस्थेचीच प्रत्यक्ष अंतरांवरची वेगळी शिबिरे असतात, आणि ती पहिल्या शिबिरानंतरच घ्यावीत.

इतिहास: उत्तम कथा, पण एकाच दिवसाची

विश्रांतीच्या आणि जेवणाच्या वेळात १९ एप्रिल १७७५ ची हकीगत तीन भागांत सांगतात. बॉस्टनमधील ब्रिटिश सेनापती थॉमस गेज यांनी कॉन्कर्ड येथील शस्त्रसाठा नष्ट करण्यासाठी सुमारे सातशे सैनिक रात्री रवाना केले. पॉल रिव्हिअर आणि विल्यम डॉझ हे स्वार बातमी घेऊन निघाले. वाटेत त्यांना सॅम्युअल प्रेस्कॉट भेटला, आणि शेवटी कॉन्कर्डपर्यंत पोचला तो एकटा प्रेस्कॉटच. पहाटे लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर क्षयाने पोखरलेले कॅप्टन जॉन पार्कर आपल्या सत्तरेक माणसांसह उभे होते. पहिली गोळी कोणी झाडली याचा निर्णय आजवर लागलेला नाही. आठ वसाहतवाले तिथे मेले. पुढे कॉन्कर्डला नॉर्थ ब्रिजपाशी गावातून धूर दिसला, गाव पेटवले असे वाटून नागरी सैनिक पुलाकडे सरकले, आणि त्यांच्या आघाडीवरचे ॲक्टन गावचे बंदूक-कारागीर कॅप्टन आयझॅक डेव्हिस पहिल्याच फेरीत पडले. दुपारी परतीच्या वाटेवर मेरियम्स कॉर्नरपासून चार्ल्सटाऊनपर्यंत भिंतींआडून आणि झाडांआडून मारा होत राहिला. मेनोटॉमीत, म्हणजे आजच्या आर्लिंग्टनमध्ये, ऐंशीला टेकलेले सॅम्युअल व्हिटमोर एकटे सैनिकांना सामोरे गेले, चेहऱ्यावर गोळी आणि अंगावर संगिनीचे वार झेलून पडले, आणि तरीही त्यानंतर अठरा वर्षे जगले. दिवसअखेर ब्रिटिशांचे ७३ मृत आणि १७४ जखमी होते, वसाहतवाल्यांचे ४९ मृत.

चांगला निवेदक असेल तर ही कथा ऐकताना डबा उघडायचे भान राहत नाही. निवेदक स्वयंसेवक असल्याने दर्जा मात्र सारखा नसतो. प्रचलित राजकारण मैदानावर आणायचे नाही असा संस्थेचा दंडक आहे, आणि परक्या देशातून आलेल्या माणसाला त्याने बराच मोकळेपणा वाटतो.

तरीही इतिहास म्हणून या कथेकडे पाहताना दोन गोष्टी मनात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, त्या दिवशी मैदानात होती ती प्रामुख्याने मस्केट, रायफल नव्हे. मस्केटची नळी आतून गुळगुळीत असते, चकमकीच्या गारगोटीने बार उडतो, आणि शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणे जवळजवळ व्यर्थ असते. नळीत पेचदार खाचा असलेली, म्हणजे खऱ्या अर्थाची रायफल घेतलेल्या तुकड्या उभारण्याचा ठराव वसाहतींच्या संयुक्त काँग्रेसने त्यानंतर जवळपास दोन महिन्यांनी, जून १७७५ मध्ये केला. पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरचे नेमबाज त्यांत आले आणि डॅनियल मॉर्गन त्यांतूनच पुढे आले. म्हणजे १९ एप्रिलचा विजय अचूक नेमाचा विजय म्हणून सांगता येत नाही. तो संघटनेचा विजय होता. मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने १७७४ च्या ऑक्टोबरातच तातडीने निघू शकणाऱ्या तुकड्या उभारायला सांगितले होते, गावसभांनी त्यासाठी पैसे मंजूर केले होते, कवायती हिवाळाभर चालू होत्या, आणि घोडेस्वार, घंटा व इशाऱ्याच्या तोफा यांमुळे काही तासांत दूरदूरची गावे रस्त्यावर आली. नेमबाजीच्या शिबिरात नेमबाजीला झुकते माप मिळणे समजण्यासारखे आहे, परंतु ऐकणाऱ्याने ते आपल्या मनात सरळ करून घ्यावे. दुसरी गोष्ट, लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर जखमी झालेल्यांत प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलामगिरीत असलेला कृष्णवर्णीय माणूस होता. त्याचे नाव कथेत येते का, यावरून निवेदकाच्या तयारीची परीक्षा करता येईल.

जाता जाता, मराठी माणसाला हे साल वेगळ्या कारणाने परिचित असते. लेक्सिंग्टनच्या सहा आठवडे आधी, ६ मार्च १७७५ रोजी, रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटले. यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये ज्यांच्या सैन्याला शरण जावे लागले ते कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर-जनरल म्हणून हिंदुस्थानात आले आणि टिपूविरुद्ध मराठ्यांचे दोस्त झाले. शिबिरात हे कोणी सांगणार नाही, पण शेजारच्या चटईवरच्या माणसाला आपण सांगू शकतो.

काही तासांचा प्राथमिक वर्ग

नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना न्यू यॉर्क राज्यात १८७१ मध्ये झाली, आणि यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांचा नेम अगदीच सुमार होता ही तिच्या संस्थापकांची तक्रार होती. आज तिचे नाव राजकारणात अधिक घेतले जाते, त्यामुळे काहींना संकोच वाटेल. परंतु प्राथमिक रायफल वर्ग स्थानिक प्रशिक्षक घेतो आणि तो बहुधा एका दिवसात उरकतो. रायफलचे भाग, गोळीचे प्रकार, भरणे आणि रिकामी करणे, नेमाची मूलतत्त्वे, साफसफाई आणि घरी ठेवण्याची पद्धत, एवढे त्यात येते. गट लहान असतो, अनेक प्रशिक्षक रायफल पुरवतात, आणि घाबरलेल्या माणसाला शंभर शंका विचारता येतात. ॲपलसीडमध्ये ती सवड नसते. तिथे तीस-चाळीस जणांची रांग एकाच आज्ञेवर चालते, आणि ज्याला मॅगझिन कसे निघते हेच माहीत नाही तो शनिवारी सकाळभर मागे पडतो. या वर्गातून कौशल्य मात्र फार येत नाही, कारण गोळ्या थोड्या आणि वेळ थोडा. इतिहास तर मुळीच नाही.

कॅम्प पेरी

सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रामचे मूळ १९०३ मध्ये, थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत, नागरिकांना सैनिकी नेमबाजी शिकवण्यासाठी स्थापन झालेल्या सरकारी मंडळात आहे. १९९६ मध्ये काँग्रेसने त्याला स्वतंत्र ना-नफा संस्थेचे रूप दिले. लेक एरीच्या काठावरच्या कॅम्प पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात आणि तिथली स्मॉल आर्म्स फायरिंग स्कूल १९१८ पासून चालत आली आहे. लष्कराच्या नेमबाजी पथकांतले जवान तिथे शिकवतात, एआर जातीची, म्हणजे लष्करी धाटणीची, रायफल आणि गोळ्या संस्था पुरवते, लक्ष्य प्रत्यक्ष २०० यार्डांवर असते, आणि शेवटी शिकलेल्यांची छोटी स्पर्धा होते.

शिकवणाऱ्यांच्या अनुभवाच्या दृष्टीने ॲपलसीडला हा पर्याय मागे टाकतो. पण कॅम्प पेरीला तो उन्हाळ्यातच मिळतो. ह्यूस्टन किंवा सॅन होजेच्या माणसाला विमान, हॉटेल आणि रजा हे सगळे त्यासाठी काढावे लागेल. शिवाय तिथला रोख स्पर्धेकडे आहे. ज्याला पुढे अशा लष्करी धाटणीच्या ‘सर्व्हिस रायफल’च्या स्पर्धांत उतरायचे आहे त्याने जरूर जावे, आणि शक्य असल्यास ॲपलसीड करून मग जावे, म्हणजे पट्टा आणि पालथी स्थिती शिकण्यात तिथला वेळ वाया जाणार नाही. या संस्थेकडून जुनी एम-वन गॅरंड रायफल विकत घ्यायची असेल तर नागरिकत्व लागते, ग्रीन कार्ड पुरत नाही.

बंदुकीशिवायचा रस्ता

मिनिट मॅन नॅशनल हिस्टॉरिकल पार्कची स्थापना १९५९ मध्ये झाली. प्रवेशाला शुल्क नाही, आणि लेक्सिंग्टन ते कॉन्कर्डच्या दरम्यानचा सुमारे पाच मैलांचा बॅटल रोड ट्रेल चालायला एक सकाळ पुरते. चढ-उतार फारसा नसल्याने भेटीला आलेले आई-बाबाही सावकाश चालू शकतात. वाटेत हार्टवेल टॅव्हर्नपाशी त्या काळच्या पोशाखातले लोक हंगामात मस्केट भरून उडवून दाखवतात. काडतूस दाताने फाडणे, दारू नळीत ओतणे आणि मग तो धुराचा लोट पाहिला की १७७५ चे युद्ध कसे असेल हे तासभराच्या भाषणापेक्षा लवकर समजते. नॉर्थ ब्रिजपाशी डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेला, एका हाताने नांगर सोडून दुसऱ्या हातात बंदूक धरलेल्या शेतकऱ्याचा पुतळा आहे. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला, लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर पहाटे ती चकमक पुन्हा उभी करतात. गर्दी अंधारातच जमते, तेव्हा लहान मुलांना नेणार असाल तर खांद्यावर घेण्याची तयारी ठेवावी.

ॲपलसीडमध्ये तीन भागांत ऐकलेली गोष्ट इथे जागेवर तपासून घेता येते: पूल किती अरुंद आहे, टेकडीवरून धूर कुठे दिसला असेल, परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती किती जवळ येतात. म्हणून इतिहासात रस असलेल्याने शक्यतो क्रम उलटा धरावा आणि शिबिराआधी हा रस्ता पाहून यावा.

कोणी काय निवडावे

ज्याचा व्हिसा आड येतो त्याचा प्रश्न वर सुटलेलाच आहे. बंदूक पहिल्यांदाच हाती घेणाऱ्याने आधी एक दिवसाचा वर्ग करावा आणि महिन्या-दोन महिन्यांत ॲपलसीडला नाव द्यावे. मधे फार काळ गेला तर हात पुन्हा कोरा होतो. एनसीसी केलेल्याने किंवा रेंजवर अधूनमधून जाणाऱ्याने थेट ॲपलसीड घ्यावे. बारा-पंधरा वर्षांच्या मुला-मुलीसह जाणाऱ्या पालकाला तर मी दुसरे काही सुचवणार नाही, कारण मूल आणि आई किंवा बाप शेजारी शेजारी पालथे पडून एकच परीक्षा देतात, आणि पुष्कळदा मुलाचे गुण अधिक येतात. ज्याला दोन दिवस उन्हात जमिनीवर काढणे जमणार नाही त्याने शिबिरांच्या वेळापत्रकात एक दिवसाचा पर्याय आहे का ते पाहावे, पण अर्ध्या वेळात अर्ध्याहूनही कमी शिकायला मिळेल हे गृहीत धरावे.

खर्चाचा मोठा भाग प्रवेशशुल्काचा नसून गोळ्यांचा आणि रायफलचा असतो. रायफल विकत घेण्याची घाई करू नये. काही शिबिरांत आधी विचारल्यास उसनी मिळते, आणि दोन दिवसांनंतर आपल्याला काय हवे हे कळलेले असते. पाचशे गोळ्या एकाच जातीच्या घ्याव्यात, कारण जात बदलली की कागदावरचा पुंजकाही सरकतो. कमीत कमी दोन मॅगझिन, कानांसाठी आणि डोळ्यांसाठी संरक्षण, जाडसर चटई, कोपर झाकणारा लांब बाह्यांचा शर्ट, टोपी आणि भरपूर पाणी बरोबर असावे. शाकाहारी असाल तर डबा घरूनच न्यावा. मैदानाच्या आसपास काही मिळेलच असे नाही, आणि जेवणाची सुट्टी गोष्ट ऐकण्यातच संपते.